मधली जागा

मिनोसे, ४ ऑक्टोबर १९८६

चि. सुमीस ताझुताईचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझी चिहाया सुखरूप पोचली. बंदर, डोंगर, आमच्या दीडशे पायऱ्या, दोरीवर वाळणारी माकुळं-मासळी, पोरीने कशाकशाचे म्हणून फोटो काढायचे सोडले नाहीत. परवा संत्र्यांच्या बागेत इतकी वर चढली, की माकड आलं समजून बागवाला डबा बडवत धावला!

काल तिने अंगणात कॅमेरा लावला आणि आई, मी, शेजारची किनु, अशा तिघींना उभं केलं. आई मधे. किनुने किंकाळीच फोडली. म्हणाली, तिघांच्या फोटोत मधला आधी जातो, ओसाकात एवढंही शिकवत नाहीत का? शेवटी घरातली बाहुली आणून चौघी केल्या, तेव्हा कुठे फोटो निघाला.

मग चिहाया विचारत होती, माझी आई इथे कधीच का येत नाही? मी काय सांगणार, कपाळ? चौतीस वर्षं आईच तुझ्याकडे येत राहिली. आता तिला पायऱ्या उतरवत नाहीत. बस आली की दारात येऊन उभी राहते ग. एकदा येऊन जा.

माया आहेच, ती वाढव.
ताझु


ओसाका, ९ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बाहुलीचं वाचून हसले आणि मग रडतच बसले. आज सांगून टाकते. चौतीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात फिरता फोटोवाला आला, तेव्हा आपल्या तिघा भावंडांत त्याने मधे मला उभं केलं होतं. मी घाबरले. हारुओदादाला म्हटलं, तू ये मधे. तो हसत आला. आणि थंडीच्या तोंडावर त्याची होडी गेली ती गेलीच. आईचा मुलगा मी घालवला, ताई. त्या घरात कुठल्या तोंडाने पाय ठेवू? आईला मात्र सांगू नकोस, तुझ्या पाया पडते.

तुझी अपराधी,
सुमी


मिनोसे, १३ ऑक्टोबर

चि. सुमीस आशीर्वाद.

सांगितलं. रागाव हवी तेवढी.

आईने माझ्यावरच तोंड सोडलं. म्हणाली, त्या दिवशी सात होड्या बुडाल्या, सगळ्यांना काय माझ्या सुमीने मधे उभं केलं होतं? हारुओ तेव्हाच आईच्या कानात सांगून गेला होता म्हणे, की धाकटी घाबरलीय, मी उभा राहतो. म्हणून तर त्या फोटोत तो हसतोय. त्याचा तेवढा एकच हसरा फोटो, तोच देवघरात आहे. तू आली असतीस तर दिसला असता, वेडे!

आता आई हटूनच बसलीय. आपल्या तिघींचा फोटो काढायचा, बाहुली नको, मधे तीच बसणार. म्हणते, अठ्ठ्याऐंशी वर्षांची झाले, मला घाबरवणारा कॅमेरा अजून बनायचाय. चिहाया थांबलीय. काय कळवू?

तुझीच,
ताझु


ओसाका, १७ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

पत्र छातीशी धरून घरभर फिरले. आईला म्हणावं, हट्ट पुरे, तू कडेला बस. ती मधली जागा माझी होती. पुढच्या शनिवारी दुपारच्या बसने येतेय.

बाकी समक्षच.
सुमी