फॉर्मलिन भरण्यापूर्वी

मी, ग्रेस बोआतेमा अद्दाई, राहणार टेचिमान, वनौषधी प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोळे पिवळे झाले आहेत, पोटात पाणी भरलं आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे.

१. माझं राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भाऊ ओपोकू याची मुलगी सेरवा हिला द्यावी. आमच्याकडे घराणं आईकडून चालतं, त्या रीतीप्रमाणे भावाची मुलगी घराण्यात मोजली जात नाही, तिला काहीच मिळायचं नाही. म्हणून हा कागद.

२. काचेच्या सिरिंजा आणि पांढरा कोट सहकारी झिफा आग्बेको हिला. कोटाचा खिसा फाटला आहे, तिने शिवून घ्यावा.

३. माझ्यावर चेटूक झाल्याचं गावभर सांगत सुटलेल्या आफुआ मावशीला अंत्यविधीत बोलू देऊ नये. मला चेटकाने नाही, आमच्या आईच्या काढ्याने मारलं.

४. तो काढा ओपोकू लॉरी स्टँडवर विकतो. मीही भक्तिभावाने प्यायले. गिऱ्हाइकांना काविळी होऊ लागल्या तेव्हा एक बाटली प्रयोगशाळेत नेली. आमचं यंत्र अर्कातली द्रव्यं एकेक करून वेगळी काढतं आणि प्रत्येकाचं वजन सांगतं. त्यात यकृत नासवणारं विष निघालं. औषधी मुळांच्या मधे एक तण उगवतं, ओपोकूची माणसं तेही उपटून आणतात. आई ते निवडून टाकायची.

आलेख दाखवला तर ओपोकू म्हणाला, "ताई, हे बाटलीतलं झालं. पोटात काय होतं ते तुझ्या डब्याला काय कळणार? मी स्वतः पितो की रोज." खरंच पितो. लबाड असता तर भांडता तरी आलं असतं. सेरवाला दिवस गेले आहेत, तीही पिते. म्हणते, "आत्या, बाबा मला विष देतील का गं?"

५. म्हणून माझं यकृत तपासावं. काढा सोडून वर्ष झालं, रक्तात आता विषाची खूण उरलेली नाही, यकृतात असेल. झिफाने तुकडा न्यावा आणि ओपोकूने यंत्राशेजारी उभं राहून पाहावं. शवागारात देह टिकवायला फॉर्मलिन भरलं की ती खूण गेलीच. माझा देह घराण्याचा, म्हणजे ओपोकूच्या हातात. तो नुसता गप्प बसला तरी सगळं रीतीप्रमाणे पार पडेल, आणि उद्या 'रसायनतज्ज्ञ ताईही हाच प्यायची' म्हणत माझा फोटो लावलेली बाटली बाजारात येईल. हे मला सहन होत नाही.

६. आमच्याकडे मृत्युपत्र उघडतात ते अंत्यविधी उरकल्यावर. तोवर उशीर झालेला असेल. म्हणून दुसरा साक्षीदार ओपोकूच असावा, आणि त्याने सही करण्याआधी हे सगळं वाचावं, अशी माझी अट आहे. ओपोकू, तुझ्यावर माझा राग आहे, जीवही तितकाच आहे. पोरीला वाचव.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला आणि पुढील दोघांच्या देखत सही केली.

टेचिमान, घाना. १४ ऑगस्ट २०२३.

(सही) ग्रेस बोआतेमा अद्दाई

साक्षीदार १: (सही) येबोआ न्तिम, शेजारी

साक्षीदार २: (सही) ओपोकू अद्दाई. वाचलं. सेरवाची बाटली आजच काढून घेतो. स्टँडवरच्या दुकानाचं मला कोणी विचारू नये.