पोह्यांच्या डब्यातला करदोडा

भटूची आई,

तू पारोळ्याहून येशील तेव्हा आम्ही बापलेक मुंबईच्या गाडीत असू. काल झुलालच्या घरी फोन आला, एमआरआयची तारीख अलीकडे, उद्यावर आली. तुला सोबत न्यायचं कबूल केलं होतं. ‘माले सोडीसन गयात ना!’ म्हणून दारात बसशील, ठाऊक आहे. बस, पण आधी जेवून घे.

कॅन्सर आहे हे तर कळलंच आहे. आता तो गरीब आहे का मारका, तेवढं बघायचं. डॉक्टर म्हणाले, काहींचा प्रोस्टेटमध्येच वर्षानुवर्षं गपचूप बसून राहतो, काहींचा कुंपण मोडून बाहेर पडतो. मशीनच्या फोटोत बराचसा अंदाज येतो. गरीब निघाला तर कापाकापी नको, नुसती नजर ठेवायची.

पोह्यांच्या डब्यात माझा चांदीचा करदोडा आहे. कापलेला बघून बोंब मारू नकोस. त्या मशीनमध्ये मोठं चुंबक असतं, अंगावर धातू म्हणून काही ठेवू देत नाहीत, आणि हा काही केल्या कमरेवरून उतरेना. भटू कात्री घेऊन आला होता. बापाचा करदोडा मुलगा कधी तोडतो, ते मी इथे लिहीत नाही. त्याच्या हातातून कात्री घेतली आणि मीच कापला.

म्हशीचं मंदाबाई बघेल. तू गुडघ्याला तेल लाव.

सोनाराकडून करदोडा सांधून आण. आल्यावर तुझ्या हाताने बांध. जरा सैल बांध, माझं पोट अजून सुटायचं आहे.