पिठात वाजू दे

कार्डला,
मंगळवार, १८ फेब्रुवारी

प्रिय काइदी,

आम्ही दोघं ठीक आहोत. समुद्र यंदा फक्त किनाऱ्यापाशी गोठलाय, बोटी चालू आहेत. बाबांचा खोकला कमी आहे. अभिनंदनाला येणाऱ्यांसाठी मी दोन दिवसांत तीन केक केले. मे महिन्यात तू आपल्या देशाचं गाणं घेऊन स्पर्धेला जाणार, म्हणून दुकानातल्या बाईंनी मला, तुझ्या बहिणीला, रांगेत पुढे घेतलं. शाळेतल्या पोरी गालांना पीठ फासून हिंडताहेत.

छान वाटत असेल ना तुला?

शनिवारी निवडीची अंतिम फेरी बघायला शेजारच्या लाइनेमावशी आल्या होत्या. तू पांढऱ्या झग्यात आलीस, वरून पीठ भुरभुरलं आणि तू हसत हसत गायलीस, ‘वाजू दे, पिठात वाजू दे.’ माझ्या हातातली बशी कधी पडली, कळलंच नाही. बाबा टाळ्या पिटत होते. “काय भन्नाट सुचलंय पोरीला! फोन म्हणे पिठाच्या डब्यात!”

मावशी म्हणाल्या, “प्रियकरावर रुसलीये. चांगली जिरवली मेल्याची!”

तू जिंकलीस, सगळे ओरडले, आणि मी फरशीवरच्या काचा वेचत राहिले. तेव्हापासून तुझे अकरा फोन आले. मी उचलले नाहीत. हे लिहिताना माझीच मला भीती वाटतेय.

आईला पलीकडच्या किनाऱ्यावर पुरून परतताना, गाड्या नेणाऱ्या बोटीवर, गाडीच्या काचा वर करून मी तुला ते सांगितलं होतं. जगात फक्त तुला. त्या सकाळी आईचं नि माझं भांडण झालं होतं, कशावरून ते आता आठवतही नाही. दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी कामावर, बेकरीत, पाव मळत होते. मी फोन उचलून डब्यात, पिठाखाली खुपसला. तीनदा वाजला. मला जरा हसूही आलं. तेसुद्धा तुला सांगितलं होतं. आणि आई तेव्हा खुबा मोडून विहिरीपाशी बर्फावर पडली होती.

तू माझा हात धरून रडलीस. तेव्हाच डोक्यात चाल सुरू झाली होती का गं?

रविवारी सकाळी बाबा खोपटात जाळं दुरुस्त करत बसले होते आणि शिट्टीवर तेच गाणं वाजवत होते. मला सहन होईना. म्हटलं, “बाबा, ती मुलगी प्रियकरावर रुसलेली नाही. ती मी आहे.” आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

त्यांनी सुई खाली ठेवली.

“पिठाचं माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “तीनदा केला होता, ते माहीत होतं.”

“कसं?”

“तिच्या फोनवर दिसत होतं. तीन तुला. त्याआधी दोन मला.”

“तुम्हाला?”

“मी बंदरावर इंजिन खोलून बसलो होतो. वाटलं, जेवायला बोलावत असेल, जाऊ सावकाश. मग दवाखान्यात तिचा फोन माझ्या हातात दिला. मी सगळं पुसून टाकलं. तुला कोणी काही विचारू नये म्हणून.” मग म्हणाले, “खोटं कशाला बोलू? मला कोणी विचारू नये म्हणून.”

चार वर्षं, काइदी! चार वर्षं आम्ही रोज समोरासमोर बसून जेवतोय. मीठ दे, भाकरी दे, उद्या वारा आहे. मी खाली बसले ती उठेचना. त्यांनी स्वतःचा कोट माझ्या अंगावर टाकला आणि परत जाळं हातात घेतलं. कोणीच रडलं नाही.

गाणं मागे घे, असं मी म्हणत नाही. म्हणून उपयोगही नाही. ते आता सगळ्यांच्या तोंडी बसलंय. पण तू विचारलं असतंस तर? एकदा तरी? मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाहीस ना?

बाबांनी निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहिते: “गाणं चांगलं झालंय. फक्त त्या ओळीला हसू नकोस म्हणावं.”

माझा निरोप अजून तयार नाही.

हेल्वे