हजार किलोमीटर मागे कोणी नाही

मालवीय नगर, जयपूर
अक्षय तृतीयेनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप मामा,

जावई नीरजचा वाकून नमस्कार. आधी आमची खुशाली सांगतो. मी बरा आहे, संपदा माझ्याहून बरी आहे आणि गाडी आम्हा दोघांहून बरी आहे. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मागच्या खेपेला जिना उतरताना तुम्ही स्वतःच म्हणालात की बेअरिंग गेलंय. डॉक्टरांनी दिलेलं तेल लावता की तुमचं ते डब्यातलं ग्रीस, हे मामींनी मला गुपचूप कळवावं. मामींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्या वेळेवर आणाव्यात. यंदा कैऱ्या चांगल्या उतरल्या असतील तर लोणच्याची एक बरणी आमच्या नावाने बाजूला ठेवावी.

सगळं जग मोबाईलवर बोलत असताना हा गृहस्थ पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही 'हं' आणि 'ठेवतो' या दोन शब्दांत संभाषण उरकता. शिवाय फोनवर बोलताना संपदा शेजारीच असते, आणि पुढचा मजकूर तिच्या कानावर जाण्यासारखा नाही.

तुम्ही माझ्याशी सलग वीस मिनिटं बोललात असा प्रसंग सहा वर्षांच्या संसारात एकदाच आला. यंदा पाडव्याला मोटारसायकल घेतली, हार घातला, नारळ फोडला आणि शोरूमच्या दारातूनच तुम्हाला फोन लावला, तेव्हा. बत्तीस वर्षं एसटीच्या आगारात इंजिनं उघडलेला माणूस तुम्ही. नव्या इंजिनाच्या आतले भाग एकमेकांना अजून ओळखत नसतात, त्यांची ओळख होईपर्यंत जपायचं, असं तुम्ही इतक्या मायेने सांगितलंत की मला क्षणभर वाटलं, हे आमच्या लग्नात का नाही सांगितलं? मग नियम आले. काटा चाळीसच्या वर न्यायचा नाही. एकाच वेगात तास न् तास रेटायची नाही. एका जागी उभी ठेवून तापवायची नाही. चढावर पिळायची नाही. पाचशेला पहिलं तेल बदलायचं. आणि हजार किलोमीटर होईपर्यंत मागे कोणालाही बसवायचं नाही. 'मग कोणी का असेना,' असंही तुम्ही म्हणालात. मी शब्द दिला. त्यावर तुम्ही, दिवाळीला येईन, इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावीन आणि गाडी कशी चालवली ते सांगीन, असं बजावून 'ठेवतो' म्हणालात.

मामा, माझा पोटापाण्याचा धंदा म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं. माझी चूक कोणी शोधावी, आणि तीही तुम्ही, हे मला सोसणारं नाही. लग्न ठरण्याआधी तुमच्या अंगणात तुम्ही माझ्याकडे दहा-अकराचा पाना मागितलात आणि मी पक्कड दिली. तेव्हा तुम्ही संपदाकडे जे पाहिलंत ते मी विसरलेलो नाही. ते पुसून टाकायची ही एकच संधी होती आणि ती मी सोडणार नव्हतो. त्यामुळे शोरूममधून मी गाडीवर घरी आलो आणि तुमची कन्या पेढ्यांचा पुडा घेऊन मागून ई-रिक्षाने आली. (रिक्षाच आधी पोहोचली. चावी माझ्याकडे असल्याने ती पायरीवर बसून होती. तोपर्यंत तिने चार पेढे खाल्ले होते.)

अडचण दुसऱ्या दिवशी कळली. माझं ऑफिस घरापासून सव्वा किलोमीटरवर. जाऊन येऊन अडीच. संपदाने पोळी लाटता लाटता तोंडी हिशेब करून सांगितलं की सुट्ट्या वगळून हजार व्हायला दीड वर्षाच्या वर लागेल, तेव्हा तिला मागे बसण्याचा मुहूर्त पुढच्या सालच्या दिवाळीच्या सुमाराला आहे. ती स्वतः रोज विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात जाते, तिथल्या कापड छपाईच्या कारखान्यात ती माल तपासते. शहराचं हे टोक ते ते टोक, वीस किलोमीटर जायचे, वीस यायचे, आणि दोन बस बदलायच्या. तिची होणारी ओढाताण मला दिसत होती, नाही असं नाही. म्हणून तर मी ठरवलं की हजार किलोमीटर लवकरात लवकर आपणच उरकून टाकायचे.

तेव्हापासून मी रोज सकाळी सहाला उठून निष्कारण आमेरला जाऊ लागलो. जायचं, किल्ल्याकडे एकदा बघायचं आणि परत यायचं. संध्याकाळी सीकर रोड. चाळीसच्या आत चालणाऱ्या माणसाला या शहरात किती ओळखी होतात, ते विचारू नका. दूधवाले कॅन वाजवत पुढे जात, जाताना वळून बघत. गणगौरीच्या मिरवणुकीत जुन्या शहरात अडकलो तेव्हा तर उभ्या जागी इंजिन तापू नये म्हणून मी ते बंद केलं आणि हवामहालापासून पुढे गाडी हाताने ढकलत नेली. (चावी बंद असताना मीटर चालत नाही. ते अंतर वाया गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.) एका संध्याकाळी सीकर रोडवर एक पगडीवाले गृहस्थ स्कूटरवरून शेजारी आले, "भाईसाहब, पेट्रोल ख़तम हो गयो के?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी माझ्या पायटेकाला पाय लावला. मामा, या लोकांचा चांगुलपणा थांबवता येत नाही. मी 'नाही नाही' म्हणेपर्यंत त्यांनी मला ढकलत पंपापर्यंत नेलं, आणि मीटरवर मी बावन्न हा आकडा माझ्या डोळ्यांनी पाहिला. मी पूर्ण वेळ क्लच दाबून धरला होता. तेव्हा इंजिनाच्या दृष्टीने हे चाळीसच्या वर धरायचं की नाही, याचा निकाल तुम्हीच द्यावा. मला त्या रात्री झोप लागली नाही.

इथल्या मराठी मंडळात वीणाताई म्हणून आहेत. यजमान रेल्वेत होते, निवृत्तीनंतर आमेरलाच घर बांधून राहिले. नीरजला किलोमीटर हवे आहेत, ही बातमी त्यांना कशी लागली कोण जाणे (मीच सांगितली), पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं वाटायचं काम माझ्याकडे आलं. मग हरभरे आले. मग कैऱ्या आल्या. रेल्वे कॉलनीत कुणाची परात पोचवायची, जगतपुऱ्यात कुणाला अत्तरदाणी हवी, सगळीकडे मी. लोक फोन करून विचारत, 'आज किती झाले? अजून थोडे हवेत का?' पाचशेला तेल बदलायला गाडी नेली तेव्हा मेकॅनिकने इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाला की साहेब, इतकी हळू तर आमच्याकडे वरातीची घोडीपण चालत नाही. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

आता जे घडलं ते सांगताना हात जरा अडखळतो. वीणाताईंची पितळी गौर आणि तिचा झोपाळा जुन्या शहरात उजळायला दिला होता, तो मला आणायचा होता. दुकानदाराने दोन्ही वस्तू मागच्या सीटवर गादी घालून, लाल ओढणीने पक्क्या बांधून दिल्या. देवीचं तोंड मागे, झोपाळ्याच्या घुंगरांचा नाद चालू, आणि मी तीसच्या वेगाने येतो आहे. अशा थाटात मी बसस्टॉपवरून गेलो आणि तिथे संपदा उभी होती. बस चुकली होती. ऊन एप्रिलचं. मी थांबलो. (न थांबता गेलो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.) तिने आधी देवीला हात जोडले आणि मग मला विचारलं, "हिला चालतं?" मी खरं ते सांगितलं, की देवी अडीच किलोची आहे आणि झोपाळ्यासकट सात भरतात, आणि बाबांचा नियम माणसांना आहे.  तेवढ्यात बस आली आणि संपदा गेली. त्या दिवसापासून घरात ती माझ्याशी 'सुनिए जी' करून हिंदीत बोलू लागली. मामा, माझ्या बायकोने मला परक्यासारखं 'जी' म्हणावं याचं मला फार लागलं. पण शब्द तो शब्द.

हळदीकुंकवाच्या दिवशी मीटर सहाशे बारावर होता. पन्हं करायचं काम संपदाकडे होतं. झाकणाचं मोठं स्टीलचं पिंप भरलं, तोंडाला फडकं बांधलं, आणि ऑटोवाला ऐन वेळी येत नाही म्हणाला. मी लगेच म्हटलं की पिंप मी गाडीवर नेतो, तू मागून दुसरी ऑटो बघ. पिंप बांधून झालं. संपदाने माझ्याकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं, माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "मागे माणूस नको ना? मग तू ये ऑटोने." पदर खोचला, हेल्मेट घातलं, किक मारली (बटण असताना किक!) आणि गेली. मला वाटत होतं तिला फक्त स्कूटर येते.

मी धावत चौकात जाऊन ऑटो पकडली. आमेरच्या चढापर्यंत ती आम्हाला दिसलीच नाही. ऑटोवाला म्हणाला, "मैडम तो निकल गई, साब." आम्ही वीणाताईंच्या दारी पोहोचलो तेव्हा पन्ह्याच्या पिंपाचा तळ दिसत होता, बायका दुसऱ्यांदा कैरीची डाळ घेत होत्या, आणि संपदाला मधोमध बसवून तिचं कौतुक चाललं होतं. मी बाहेर ओट्यावर बसलो. वीणाताईंनी मला वाटीभर डाळ आणून दिली आणि जाताना हळूच म्हणाल्या की तुझं फार चुकलं हो. काय चुकलं ते मी विचारेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. गाडी सावलीत उभी होती. मी इंजिनाजवळ कान नेऊन बघितला. आतून टिक टिक असा आवाज येत होता. तो रागाचा होता की समाधानाचा, ते मला काही कळलं नाही.

एवढंच कळवायचं होतं. झालेला प्रकार तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं. मामींना नमस्कार. गुडघ्याला ग्रीस लावू नये.

आपला आज्ञाधारक जावई,
नीरज

ता. क. : आमेरच्या चढावर ती किती वेगाने गेली, हे विचारलं तर संपदा नुसतं हसते. इंजिनाचा आवाज मोबाईलवर टिपून मामींच्या फोनवर पाठवतो. तेवढ्यावरून काही सांगता आलं तर पाहावं. चढावर पिळली असेल तर तो दोष माझ्या नावावर लिहू नये.

ता. क. दुसरा : खरं काम हे आहे. त्या दिवसापासून चावी संपदाकडेच आहे. ती रोज गाडीने कारखान्यात जाते. मी ऑफिसला चालत जातो, परवा मंडईतून कलिंगडही चालतच आणलं. चौकापर्यंत तरी सोड म्हटलं तर म्हणते, "हजार होईपर्यंत मागे कोणी नाही, बाबांचा नियम आहे." किती झाले ते विचारलं तर 'होतील' म्हणते, आणि चावीशिवाय मीटर दिसत नाही. तेव्हा मामा, माझं वजन फक्त अडुसष्ट किलो आहे हे लक्षात घेऊन, नियमात थोडी सूट देता येईल का? तसं तुम्ही तिला आपणहून सुचल्यासारखं फोनवर सांगावं. मी लिहिलं होतं हे बोलू नये. पोस्ट तिच्या वाटेवर असल्यामुळे पत्र टाकायला तिच्याकडेच द्यावं लागतं आहे, पण पाकीट मी डिंकाने पक्कं चिकटवलं आहे.

ता. क. तिसरा, संपदाकडून : बाबा, तुमच्या मुलीला इंजिनाचं कागदी गॅस्केट न फाडता काढता येतं, तिथे पाकिटाचं काय. नीरजने सगळं खरं लिहिलंय. आमेरच्या चढावर मी अडतीसच्या वर गेले नाही. उशीर त्यांनाच झाला, कारण ऑटोत बसून नीरज सवयीने त्या ड्रायव्हरला 'धीरे चलो भैया' म्हणत होता. तो ड्रायव्हर आता मला रोज भेटतो आणि रोज ते सांगतो.

पण मी तुमच्यावर रागावले होते, आणि ते मनात ठेवत नाही. अकरावीत असताना आगारामागच्या मैदानात तुमची मोटारसायकल चालवायला तुम्हीच मला शिकवलंत. मी रोज चाळीस किलोमीटर जाते, हेही तुम्हाला माहीत आहे. माझ्या हातात दिली असती तर ही गाडी महिन्याभरात हजार करून नियमातून मोकळी झाली असती. तरी पाडव्याला तुम्ही वीस मिनिटं जावयाशी बोललात, आणि मी शेजारी पेढे धरून उभी होते. 'फोन संपदाकडे दे' एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं. मला रडू येत होतं, म्हणून मी ई-रिक्षात पेढे खाल्ले.

आता राग गेला. गुरुवारी कारखान्याच्या फाटकाशी मीटर हजारावर आला. नीरजला अजून सांगितलेलं नाही, त्याला चालणं मानवतंय, पोट जरा कमी दिसतं. तुम्ही दिवाळीपर्यंत थांबू नका, पुढच्या महिन्यात या. स्क्रू ड्रायव्हर आणलात तरी चालेल. मागच्या सीटवर आधी तुम्ही बसायचं, मी चालवणार. नीरजचा नंबर त्यानंतर.