खुर्चीशी ठेवलेला तांब्या

झाशी, मंगळवार, संध्याकाळ

दतिया गेटजवळच्या डॉक्टरांनी आज ह्यांचा रिपोर्ट पाहिला आणि माझ्याकडे वळले. "भाभीजी, शुगर, बीपी दोनों बढ़े हैं. दिनभर बैठे रहने से भी होता है." ऑफिसात नऊ तास खुर्ची सुटत नाही, असं मीच तावातावाने सांगितलं. "और घर में?"

घरी कोण बसवून ठेवतं ह्यांना? मीच की! चहा हातात, ताट पुढ्यात, पाण्याचा तांब्या खुर्चीशी. दमून आलेल्या माणसाला उठवायचं नाही, ही सासूबाईंची शिकवण. वीस वर्षं मी ते प्रेमानेच केलं. ते प्रेमच नडलं का?

आज तांब्या मुद्दाम स्वयंपाकघरातच ठेवला. सवयीने ह्यांचा हात खुर्चीशी गेला आणि रिकामाच परत आला. मला कसंतरीच झालं, पण मी जागची हलले नाही.

"अगं, तांब्या?"

"आत आहे."

गुडघ्यांवर हात टेकून उठले बिचारे. किती वेळ लावला आत! आले ते एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात भरलेला पेला घेऊन. पेला माझ्यापुढे धरला. "घे. तूही दमली असशील."

मला तहान नव्हती. तरी सगळं पाणी प्यायले.