गॅलरीतलं एक्सचेंज

लालबाग, मुंबई
कार्तिक वद्य षष्ठी

ती. तात्या यांच्या पायांवर डोकं ठेवून रघुवीरची विनंती, की हे पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं.

आम्ही सगळी खुशाल आहोत. आपला गुडघा कसा आहे? मागच्या पत्रांतही हेच विचारलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणून गुडघा बरा आणि राग कायम असं मी धरून चाललो आहे. राग रास्तच आहे. कांता आपली मुलगी, आम्ही आत्या आणि आतोबा, मॅट्रिकपुरती सांभाळायला घेतलेली. परीक्षा झाली की बोटीत बसवा, वेंगुर्ल्याचं स्थळ खोळंबलं आहे, असं आपण लिहिलंत. आधी निकाल लागायचा होता, मग पावसात बोटी बंद, आणि बोटी सुरू झाल्या तर बकुळेची कंबर धरली. (ती कंबर बोटींचं वेळापत्रक बघून दुखते, असं आपण लिहिलंत ते आपल्या बहिणीला फार लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.) गणपतीलाही पोर आली नाही, तेव्हापासून आपण बहिणीशी पत्रव्यवहार बंद केलात. म्हणून यंदाच्या पावसाळ्यात काय घडलं ते मीच सांगतो.

झालं असं, की मॅट्रिक झालेल्या मुलींना टेलिफोन ऑपरेटर म्हणून घेतात, असं कांताला शाळेतल्या बाईंनी सांगितलं. मुलाखतीत आवाज बघतात आणि डोकं शांत राहतं का ते बघतात. आता आमच्या चाळीत टेलिफोन कुणी कानाला लावलेला नाही. मी मिलच्या ऑफिसात एकदा लावला होता, पण उलटा. कांताने काय करावं? जिन्याजवळच्या भिंतीवर खिळे मारले, प्रत्येक खिळ्याखाली खडूने खोलीचा नंबर लिहिला, बकुळेच्या परकरांच्या नाड्या ओढून काढल्या आणि समोर स्टूल टाकून बसली. संध्याकाळी ज्याला ज्याच्याशी बोलायचं असेल त्याने कांताकडे नंबर मागायचा. तिने या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत नाडी बांधायची, हाक मारायची, आणि दोघांनी गॅलरीच्या दोन टोकांना एकमेकांकडे पाठ करून उभं राहून बोलायचं. ज्या चाळीत तळमजल्यावर कुणी शिंकलं तर वरून ‘जीते रहो’ म्हणतात, तिथे लोक नाडी बांधून होईपर्यंत मुकाट उभे राहू लागले, तात्या. मी चहा हातात घेऊन बघत राहायचो आणि चहा निवायचा.

डोकं शांत राहण्याचा सराव व्हावा म्हणून चाळीने तिला रागावायचं ठरवलं, पण आपल्या लोकांना ठरवून रागावता येत नाही. (मी प्रयत्न केला. तिने ‘प्लीज होल्ड ऑन’ म्हटलं आणि मी ‘बरं बाळ’ म्हणालो.) शेवटी वरळी कोळीवाड्याची आमची म्हावरंवाली शेवंती कामी आली. टोपली खाली ठेवून तिने जे तोंड सोडलं, त्यात कांताच्या मागच्या पिढ्या, म्हणजे आपणही, येऊन गेलात. कांता तितक्याच गोड आवाजात म्हणत होती, ‘लाइन चालू आहे, कृपया थांबा.’ शेवटी शेवंतीच दमून पायरीवर टेकली. ‘ही पोरगी दर्यालापन गप करंल,’ म्हणाली, आणि जाताना दोन बांगडे तसेच, पैसे न घेता, देऊन गेली. शेवंतीने काही तसंच दिल्याचं चाळीच्या इतिहासात नाही.

पुढचं त्याहून अजब. आमचे शामराव काँग्रेसचे आणि बाबुराव संयुक्त महाराष्ट्र समितीचे. भिंतीला भिंत, पण छप्पनच्या मोर्चापासून बोलणं बंद. एकदा बाबुरावांना टाकीची किल्ली हवी होती. ती शामरावांकडे आहे, लावू का, असं कांताने विचारलं. ‘त्याच्याकडे नको,’ म्हणेपर्यंत नाडी बांधून झाली होती. दोघं पाठीला पाठ करून किल्लीवर बोलले, मग बाबुरावांच्या आईच्या खोकल्यावर, मग उगाचच. आता रोज बोलतात. समोरासमोर अजून बोलत नाहीत, फक्त लाइनवर. मुंबई महाराष्ट्राला मिळणार असं पेपरवाले म्हणताहेत. दिल्लीला जमायला इतकी वर्षं लागली, आमच्या पोरीने एका नाडीत केलं.

आणि एक सांगायचं की नाही, याचा मी बराच विचार केला. हा सगळा पोरखेळ आहे, असं बकुळा पहिल्यापासून म्हणत होती. एका संध्याकाळी पदराला हात पुसत ती स्टुलापाशी आली आणि म्हणाली, ‘माका दादाकडे लावन दी.’ गावाचा खिळा भिंतीवर नव्हता. कांताने नाडी खिडकीच्या गजाला बांधली, आपल्या गावाच्या दिशेला, आणि थांबली. मला वाटलं, आता दादा म्हणून आपला आवाज काढून काहीतरी गंमत करील. तिने केली नाही. खूप वेळाने म्हणाली, ‘कोणच उचलणत नाय गे आत्ये. मी परत लावतंय.’ मग रोज लावत होती. तात्या, माझ्या घरात वाढलेल्या या मुलीपुढे मला हात जोडावेसे वाटले.

मुलांना माझे आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

आपला,
रघुवीर

ता. क. – ‘टेलिफोनमध्ये घेतात असं कळलं’ इथपर्यंतच वर लिहिलं आहे. घेतलं. शिकवणी संपून दसऱ्यापासून ती ट्रंककॉलच्या बोर्डावर आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण मग आपण दुसरी वाचली नसती.

ता. क. २ – हे पत्र मी माझ्या मनाने लिहिलं आहे, बकुळेच्या सांगण्यावरून नाही. (हे वाक्य घालायला बकुळेने सांगितलं.)

ता. क. ३ – येत्या रविवारी सकाळी आपल्या तालुक्याच्या पोस्टात आपल्या नावाने मुंबईचा कॉल लावतो आहे. कोपऱ्यावरच्या इराण्याकडून बकुळा बोलेल. काय बोलेल ते तिलाही माहीत नाही. जोडणारी ऑपरेटर मध्ये स्वतःचं काही बोलू शकत नाही, तसा नियमच आहे. ती फक्त ‘बोला’ म्हणेल. आवाज ओळखीचा वाटला तरी ठेवून देऊ नका. गुडघा दुखत असेल तर बैलगाडी करा, पण या वेळी उचला.