नुसते मणी

४ मार्च
पुन्हा तेच. बी पेशींवर आम्ही शोधलेली साखर, आलेखात सातव्या जागी ठसठशीत उंचवटा. टी पेशींवर तिचा मागमूस नाही. दोघी रक्तातल्या, दोघी रोगाशी लढणाऱ्या, पण अंगावरच्या साखरेची वीण वेगळी. चार वर्षं मी एवढंच दाखवतेय. प्रबंध त्यावरच उभा आहे.

आज शुक्रवार — गाईड सरांनी माझ्या प्रयोगवहीतली आठवड्याची पानं वाचून सह्या केल्या. एक ओळ सोडत नाही हा माणूस.

६ मार्च
बाबांचा फोन. जेवणानंतरची साखर दोनशे चाळीस! वर मलाच म्हणतात, पेशींची मोजतेस, बापाची कधी मोजणार? 'डॉक्टर' लिहिलेली पाटी करायला टाकायची म्हणून दाराचं माप घेऊन ठेवलंय.

९ मार्च
भांडी घासताना एकदम सुचलं आणि हात थांबला. बी पेशी आम्ही चुंबकी मण्यांनी पकडतो. मण्यांवरची अँटीबॉडी पेशीला चिकटते, मग चुंबकाने ओढून घ्यायचं. टी पेशींना मणी लावतच नाही. बाकीचं काढलं की त्या उरतात. आणि अँटीबॉडीला तिची स्वतःची साखर असते! इतकं साधं. कुठे शेण खात होते मी?

१० मार्च
मशीनला नुसते मणी दिले. रक्ताचा थेंब नाही.
सातव्या जागी उंचवटा.

११ मार्च
सरांनी वहीतलं ते पान वाचलं. सही केली नाही. "ट्यूब नीट धुतल्या नसशील. तुझ्या आधीच्या मुलीचंही हेच. हात स्वच्छ नव्हता तिचा."

ती अर्ध्यात सोडून गेली. मी तिला पाहिलेलंही नाही. घाण ट्यूब दिसली की लॅबमध्ये अजून तिचंच नाव निघतं. मीही काढलंय, हसत हसत.

१७ मार्च
पाच वेळा केलं. नव्या ट्यूब, नवं पाणी, हातमोज्यांवर हातमोजे. उंचवटा जागचा हलत नाही. म्हणजे एक तर चार वर्षं मण्यांची साखर मोजली, नाहीतर मला साधी ट्यूब धुता येत नाही. दुसरंच खरं असावं. लायकीच नाही माझी. नळ सोडून रडले. बाबांना काय सांगू — पाटी राहू द्या?

१८ मार्च
आजही सही नाही. या साखरेवरचा आमचा पेपर पुढच्या महिन्यात छापून येतोय, तोवर हे पुढे नेऊ नकोस म्हणाले. मग अगदी मायेने, "पहिलं नाव तुझंच आहे त्यावर."

जेवले नाही. 

२१ मार्च
ट्यूब धुण्याची जुनी पद्धत कुठे लिहिलेली सापडते का म्हणून लॅबमधलं कपाट उघडलं. माझ्या आधीच्या त्या मुलीची प्रयोगवही मिळाली. पान बावन्न. नुसते मणी, रक्त नाही. सातव्या जागी उंचवटा. नऊ वेळा केलंय तिने.

खाली सरांची सही. तारीख मी इथे येण्याच्या पाच महिने आधीची.